गाळीव वीज

लातुरास औसा रस्त्याकडील एका घरीं मागील महिन्यांत आम्हांस जेवावयास बोलावणें होतें. परंतु बोलावण्याचें खरें कारण जेवणाहून निराळें आहे, हें पाटावर बसण्यापूर्वींच आमच्या ध्यानांत आलें. घरांतील वडील मंडळींपैकीं नाना हे संगीताचे जुने शौकीन. सवाई गंधर्व, सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या त्यांनीं जन्मभर जमविल्या, आणि निवृत्त झाल्यावर फंडाच्या रकमेचा बराचसा भाग घालून एक उंची अँप्लिफायर व स्पीकरांची जोडी घेतली. या यंत्रांतून गाण्याच्या जोडीला एक बारीक 'घूं' असा आवाज सदोदित येई. तो जावा म्हणून विक्रेत्याच्या सल्ल्यानें त्यांनीं पॉवर कंडिशनर नांवाची, अँप्लिफायरच्या निम्म्या किमतीची, आणखी एक पेटी आणली. 'घूं' कांहीं गेला नाहीं. याहून मोठा कंडिशनर घ्यावा काय, असा नानांचा प्रश्न होता.

हा प्रश्न आतां अनेक घरांतून विचारला जातो, म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करणें युक्त होईल.

बाजारांत कंडिशनर या एकाच नांवाखालीं निदान चार निरनिराळ्या जातींचीं यंत्रें विकलीं जातात, आणि घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे. पहिली जात गाळण्याची. तींत तारेचीं वेटोळीं व कपॅसिटर असतात. एलईडी दिवे, पंख्यांचे रेग्युलेटर, मोबाइलचे चार्जर वगैरे वस्तु तारेंत जी अति उच्च कंप्रतेची कचकच सोडतात ती येथें अडते. बहुधा याच पेटींत अकस्मात् येणारा व्होल्टेजचा उसळा गिळणारा एक लहानसा तुकडाही बसविलेला असतो. दुसरी जात नुसत्या अलग करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची. तिसरी आपल्या परिचयाच्या स्टॅबिलायझरची, जो व्होल्टेज वर-खालीं झाल्यास तें सांवरून धरतो. चौथी जात सर्वांत महाग. ती येणाऱ्या विजेची प्रथम एकदिश वीज करते आणि तिच्यांतून पुन्हा ५० हर्ट्‌झची नवी, गुळगुळीत लहर काढते. अमेरिकेंतील पीएस ऑडिओ या कंपनीचीं अशीं यंत्रें शौकिनांत प्रसिद्ध आहेत. बँकांतून व इस्पितळांतून असणारा ऑनलाइन यूपीएस हा तत्त्वतः याच कुळांतला. जपानांतील कांहीं शौकिनांनीं तर एवढ्यावरही समाधान न मानतां घरासमोर स्वतःचा स्वतंत्र विजेचा खांब आणि त्यावर स्वतःचा ट्रान्सफॉर्मर उभारून घेतल्याचें २०१६ सालीं वर्तमानपत्रांतून आलें होतें. हौसेला मोल नाहीं हें खरें. तथापि आपल्या गल्लींत असा खांब कोणीं उभारला तर पहिल्या आठवड्यांतच त्यावर निम्म्या गल्लीच्या तारा लोंबतील असें आम्हांस भय वाटतें.

नानांची पेटी पहिल्या जातीची, म्हणजे गाळण्याची होती. विहिरीचें पाणी फडक्यांतून गाळून घेण्याची चाल आपल्या घरांतून पूर्वीं सर्वत्र असे. फडक्यानें काडीकचरा निघतो. पण विहिरींत पाणीच कमी असेल तर फडकें काय करणार? व्होल्टेज २३० चें १८० झालें तर गाळणें तें १८० च पुढें देतें, २८० झालें तर २८०. हा धडा लातूरकरांस तरी निराळा समजावून देण्याची गरज नसावी.

आतां तो 'घूं'. आपल्या विजेची कंप्रता सेकंदास ५०. अँप्लिफायरमध्यें तिची एकदिश वीज करतांना दोन्ही अर्ध्या लहरी उपयोगांत येतात म्हणून तेथें जी उरलीसुरली लहर राहते ती १०० ची. नानांच्या तबकड्यांवरील गवयांपैकीं कोणीं काळी एक या पट्टींत गात असेल, तर त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारें ६९ हर्ट्‌झवर आणि त्याच्या वरचा पंचम सुमारें १०४ वर येतो. तीव्र मध्यम ९८ वर. म्हणजे यंत्राची ही १०० ची गुणगुण तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मध्यें, कोणाच्याच स्वरांत न बसणारी अशी घुसते. नाना म्हणाले, "कोणीतरी बेसूर तंबोरा मागें धरून बसलें आहे असें वाटतें." त्यांचा कान किती तयार आहे याची ती साक्षच होती. परंतु उच्च कंप्रतेची कचकच अडविणाऱ्या गाळण्याच्या दृष्टीनें ५० काय अन् १०० काय, दोन्ही अत्यंत मंद लहरी. त्या जशाच्या तशा पलीकडे जातात. यास्तव या पेटीनें ही गुणगुण जाणें मुळांतच शक्य नव्हतें, आणि तिच्यापेक्षां मोठ्या पेटीनेंही तें झालें नसतें.

मग ही गुणगुण येते कोठून? बहुतेक घरांतून तिचें कारण एकच असतें. अँप्लिफायरचा प्लग एका भिंतींत, दूरदर्शन संच व त्याची डबी दुसऱ्या भिंतींत, संगणक तिसरीकडे. आणि ध्वनीच्या तारांनीं हीं सारीं यंत्रें एकमेकांस जोडलेलीं. प्रत्येक यंत्राचें अर्थिंग निरनिराळ्या वाटेनें जमिनींत जातें व ध्वनीच्या तारेमुळें त्या वाटांचा मिळून एक फेरा तयार होतो. त्या फेऱ्यांतून ५० हर्ट्‌झचा बारीकसा प्रवाह फिरूं लागतो आणि अँप्लिफायर तो इमानेंइतबारें मोठा करून ऐकवितो. उपाय फुकटचा आहे. सगळ्या यंत्रांचे प्लग एकाच पट्टींत, एकाच सॉकेटवरून घ्यावे. तेवढ्यानें न भागल्यास छतावरील तबकडीची किंवा केबलची तार क्षणभर काढून पाहावी. तीं काढतांच गुणगुण थांबली तर दोष तेथें आहे, आणि त्यावर लहानसा अलग करणारा ट्रान्सफॉर्मर किंवा प्रकाशतंतूची जोडणी पुरते. येथें एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. स्पीकरांतून न येतां अँप्लिफायरच्या पेटींतूनच घुमल्यासारखा आवाज येत असेल, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाचा आवाज होय. तारेंतील वीज एका बाजूस किंचित् झुकलेली असली म्हणजे मोठे वाटोळे ट्रान्सफॉर्मर असे कण्हतात. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर चालवितांनाही तेंच होतें.

एवढें सांगून आम्ही पेटीच्या मागील बाजूस पाहूं लागलों, तों अँप्लिफायरच्या प्लगची तिसरी, जाड पीन कापलेली आढळली. "ती काढली तेव्हां 'घूं' पुष्कळ कमी झाला, वायरमननेंच सांगितलें होतें," असें नानांचे धाकटे बंधु म्हणाले. त्याच वेळीं आंतून आजींचा आवाज आला: "मी केव्हांची सांगतें आहे, त्या पेटीला हात लावला कीं मुंग्या येतात. पण माझें ऐकतो कोण!" घरांत या बोलण्यावर आजवर हंसण्यावारी नेण्याचाच प्रघात होता; आजींच्या सोवळ्याची ती एक कल्पना, असें मुलेंमाणसें धरून चाललीं होतीं.

आजींचें म्हणणें अक्षरशः खरें होतें, आणि त्याचें कारण तो महागडा कंडिशनरच होता. गाळण्यांतील कपॅसिटरांची एक जोडी फेजपासून पेटीच्या धातूच्या कवचापर्यंत व न्यूट्रलपासून त्याच कवचापर्यंत जोडलेली असते. तारेंतील कचकच जमिनींत सोडून देणें हें तिचें काम. अर्थिंग शाबूत असलें म्हणजे ती कचकच निमूटपणें जमिनींत जाते. अर्थिंग नसेल, तर हे दोन सारखे कपॅसिटर २३० व्होल्टचे दोन समान वाटे करतात आणि कवच सुमारें ११५ व्होल्टवर लोंबकळत राहतें. त्यांतून वाहूं शकणारा प्रवाह फारच थोडा, म्हणून मृत्यु येत नाहीं, मुंग्या येतात. ओल्या हाताला अधिक येतात, आणि पूजा आटोपून येणाऱ्या आजींचे हातच घरांत सर्वांत आधीं ओले. कंडिशनरची पीन शाबूत होती हें खरें. पण ज्या सॉकेटांत ती बसविली होती त्याच्या अर्थिंगच्या भोंकामागें तारच जोडलेली नव्हती. मागाहून मीटरनें मोजतां कवचावर १०० हून अधिक व्होल्ट भरले.

मुंग्यांवर भागलें हें या घराचें दैव. अँप्लिफायरच्या पोटांत फेजची एखादी तार सुटून कवचास टेकली असती, तर कापलेल्या पिनेमुळें पुरे २३० व्होल्ट त्या चकचकीत दर्शनी पत्र्यावर आले असते. ओल्या माणसाच्या देहाचा विरोध हजार ओहमच्या आसपास धरतात. त्या हिशेबानें देहांतून २३० मिलिअँपियर जातील. हृदयाची लय बिघडविण्यास याच्या कितीतरी कमी प्रवाह पुरतो, आणि म्हणूनच घरांत जो जीवरक्षक ट्रिपर बसवितात तो ३० मिलिअँपियरवर वीज तोडतो. त्या खोलींत नानांची तीन नातवंडें दिवसभर खेळतात. म्हणून स्पष्टच लिहितों. गुणगुण घालविण्यासाठीं तिसरी पीन कापणें किंवा दोन पिनांचा जोड मध्यें घालणें हा उपाय नव्हे, अपघाताची सिद्धता होय. आणि जो वायरमन तसें सुचवितो त्यास त्या घरीं पुन्हा बोलावूं नये.

आतां अर्थिंगविषयीं. पुष्कळ घरांतून अर्थिंग आहे असें सांगतात तें बांधकामाच्या वेळीं केलेलें असतें व पुढें त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. अंगणाच्या कोपऱ्यांत खड्डा खणून त्यांत धातूची पट्टी किंवा नळी पुरतात, भोंवतीं कोळसा व मीठ भरतात, आणि वर पाणी ओतण्यास नरसाळें ठेवतात. या खड्ड्याचा विरोध पांच ओहमच्या आंत असावा असें सामान्यतः धरतात. मराठवाड्याची काळी माती ओली असतां वीज चांगली वाहून नेते. परंतु उन्हाळ्यांत ती आक्रसते, भेगाळते आणि पुरलेल्या नळीपासून सुटून येते. मग विरोध पांचाचा शंभरही होतो. विरोध पांच असतां फेज कवचास लागली तर ४६ अँपियरचा लोंढा वाहून एमसीबी पडतो. शंभर असतां केवळ २.३ अँपियर वाहतात, एमसीबीस त्याचा पत्ताही लागत नाहीं आणि कवच तसेंच जिवंत राहतें. अशा वेळीं ३० मिलिअँपियरचा ट्रिपर हाच काय तो आधार. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून सुमारें ५ लाख लिटर पाण्याची पहिली गाडी लातुरास आली, त्या उन्हाळ्यांत अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी कोण ओतणार होतें! माणसांच्या घशास जेथें कोरड, तेथें जमिनींतल्या नळीचा विचार सुचणें अशक्यच. परंतु विजेच्या दृष्टीनें त्या वर्षीं शहरांतील कित्येक घरें अर्थिंग असून नसल्यासारखीं झालीं असतील. भांडीं विसळलेलें, तांदूळ धुतलेलें पाणी या खड्ड्यास चालतें. त्याला सोवळें-ओवळें नाहीं.

ट्रिपरविषयीं एक अडचण प्रामाणिकपणें नमूद केली पाहिजे. गाळण्याचे ते कपॅसिटर अर्थिंग नीट असतांही थोडाथोडा प्रवाह जमिनींत सोडीतच असतात. कंडिशनर, संगणक, धुण्याचें यंत्र अशा चार-सहा वस्तूंचा मिळून तो प्रवाह वाढला म्हणजे ट्रिपर विनाकारण पडतो. मग कंटाळून कोणी ट्रिपरच काढून टाकतो. तसें न करतां बैठकीच्या खोलीस स्वतंत्र ट्रिपर द्यावा.

लातुरास खरा शत्रु कचकच नसून व्होल्टेज आहे. शहराभोंवतीं डाळीच्या व तेलाच्या गिरण्या, खेड्यापाड्यांतून रब्बीच्या दिवसांत एकदम सुरू होणारे शेतीपंप. १९५६ च्या विद्युत् नियमांत घरगुती व्होल्टेज सहा टक्क्यांहून अधिक वर-खालीं जाऊं नये अशी मर्यादा घातलेली होती, म्हणजे २३० चें २१६ ते २४४. तारेच्या टोकाशीं राहणाऱ्या माणसास हे आकडे वाचून हंसूं येईल. तथापि कमी व्होल्टेजचा बाऊ मात्र फार केला जातो. समजा, २३० चें १८० झालें. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या अँप्लिफायरची महत्तम शक्ति वर्गाच्या प्रमाणांत घटून सुमारें ६१ टक्के उरेल. ऐकण्यांत तो फरक जेमतेम दोन डेसिबलचा. आवाज फार चढविला तरच तो जाणवेल. वाल्वच्या अँप्लिफायरांस मात्र हें मानवत नाहीं, कारण वाल्वची तार पुरती तापली नाहीं तर वाल्वचें आयुष्य घटतें. उलट नव्या हलक्या अँप्लिफायरांपैकीं ज्यांच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असें छापलेलें असतें, त्यांस खालीं उतरलेल्या व्होल्टेजची दादही नसते.

वर चढलेलें व्होल्टेज मात्र सर्वांनाच घातक, आणि त्यांतही न्यूट्रल तुटणें हें सर्वांत वाईट. डीपीपाशीं किंवा खांबावर न्यूट्रलची तार तुटली कीं तीन फेजांवरील घरें एकमेकांत अडकतात. एकाच्या घरीं दिवे पिवळे पडतात आणि शेजाऱ्याकडे तीनशें-साडेतीनशें व्होल्ट जाऊन फटाफट वस्तु जळूं लागतात. या प्रसंगीं कंडिशनरमधील उसळा गिळणारा तुकडा कांहीं कामाचा नाहीं. क्षणाच्या लक्षांशाचा उसळा गिळण्यासाठीं तो केलेला असतो. मिनिटभर टिकणाऱ्या जादा व्होल्टेजनें तो स्वतःच तापतो, आणि त्यानें पेट घेतल्याचीं उदाहरणेंही आहेत. येथें उपयोगी पडते ती मीटरजवळ बसविण्याची, जादा अथवा कमी व्होल्टेज होतांच वीज तोडणारी लहानशी डबी. ती कंडिशनरच्या मानानें अत्यंत स्वस्त, आणि तिनें केवळ अँप्लिफायरच नव्हे तर फ्रीज, पंप, दिवे, सगळें घर वांचतें. वळवाच्या विजेचें संकट मात्र या डबीनेंही टळत नाहीं. वैशाख-ज्येष्ठांत आभाळ गडगडूं लागलें कीं प्लग काढून ठेवावे, आणि प्लगाबरोबर केबलची व इंटरनेटची तारही काढावी. वीज बहुधा तिकडूनच शिरते.

मग कंडिशनरनें आवाज सुधारतो काय? अँप्लिफायरच्या पोटांत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर व मोठाले कपॅसिटर असतात. म्हणजे वास्तविक एक कंडिशनर तेथें आधींच बसलेला आहे, आणि चांगल्या अँप्लिफायरच्या किमतीपैकीं मोठा वांटा त्यासाठींच दिलेला असतो. मोठा अँप्लिफायर भिंतींतील सॉकेटांतच लावा, असें कित्येक कारखानदार स्वतःच सांगतात, कारण लहान गाळण्याच्या वेटोळ्यांतून त्यास ऐन ठेक्यावर लागणारा प्रवाह पुरेसा मिळत नाहीं. जेथें चौथ्या जातीचें यंत्र उघड उपयोगाचें, असें एक ठिकाण आम्ही मान्य करतों: विजेच्या कंप्रतेवर फिरणारी जुन्या धाटणीची तबकडी. १९९० च्या दशकांत देशांतील कांहीं भागांत कंप्रता ४८ पर्यंत उतरे. तेव्हां अशा तबकडीवरील गाणें कानास जाणवेल इतकें खालीं जाई. हल्लीं कंप्रता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यांत राखण्याचा नियम आहे, आणि ४९.९० वर होणारी उतार श्रुतीच्या अगदीं लहान हिश्श्याएवढी भरते. ती ज्यास खटकेल त्याच्या कानास आमचा नमस्कार.

हें सर्व नानांस पटलें, पण पुरतें नव्हे. कंडिशनर आल्यापासून गाणें अधिक मोकळें वाटतें असा त्यांचा अनुभव होता. अनुभवास आम्ही खोटें म्हणत नाहीं. तो पारखण्याची एक रीत सांगतों. ऐकणाऱ्यानें पाठ फिरवून बसावें. नातवानें नाणें उडवून, छाप पडल्यास कंडिशनरवर आणि कांटा पडल्यास थेट भिंतीवर यंत्र लावावें, आवाज तोच ठेवावा, आणि सोळा वेळां तोच तुकडा लावून उत्तरें लिहून घ्यावीं. सोळांपैकीं बारा किंवा अधिक बरोबर आलीं तर कान कांहींतरी ऐकतो आहे असें मानण्यास हरकत नाहीं. कारण नुसत्या अंदाजानें तितकीं बरोबर येण्याचा संभव शंभरांत चारांहून कमी असतो. जेवणानंतर त्याप्रमाणें बैठक भरली. घरांतील सर्व मंडळी भोंवतीं बसली, सुनेनें वहींत टिपून घेतलें. नानांचीं उत्तरें नाण्याच्या उत्तरांहून फारशीं निराळीं निघालीं नाहींत. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे मला पट्टी कळते, पेटी कळत नाहीं."

त्यानंतर त्या घरीं जें झालें तें असें. प्रथम अँप्लिफायरला नवा तीन पिनांचा प्लग आणि सॉकेटामागें अर्थिंगची तार. अंगणांतील जुना खड्डा उकरून नवा केला व मोजून घेतला. मीटरजवळ व्होल्टेज तोडणारी डबी, बैठकीस निराळा ट्रिपर, आणि व्होल्टेज सांवरण्यास ३ केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर. सर्व यंत्रें एका पट्टीवर आलीं तेव्हां 'घूं' निम्म्याहून कमी झाला; उरलेला छतावरच्या तबकडीच्या तारेंतून येत होता, ती अलग केल्यावर गेला. या सगळ्याचा खर्च मिळून कंडिशनरच्या किमतीच्या आंत बसला. कंडिशनर परत घेण्यास विक्रेता तयार नव्हता. तो आतां थोरल्या नातवाच्या संगणकाखालीं आहे. आजींनीं मुद्दाम ओल्या हातानें पेटीस स्पर्श करून पाहिला आणि मगच हिराबाईंची तबकडी लावूं दिली. खड्ड्यांत पाणी ओतण्याचें काम त्यांनीं आपणांकडे घेतलें आहे. तांदळाचें धुवण आतां तुळशीजवळच्या मोरींत न जातां तिकडे जातें.